पालथा फ्लेक्स

हर्षदा दुकानात शिरली तेव्हा तिचं कपाळ छापून झालं होतं.

मशीन इकडून तिकडे खरडत होतं आणि दर खेपेला तिचा चेहरा बोटभर बाहेर सरकत होता. भुवया आल्या. मग डोळे आले, एकेक डोळा वाटीएवढा. नाक अजून आत होतं. चौफुल्याच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात शाईचा उग्र वास कोंडला होता, आणि हर्षदाला वाटलं, हे नाक बाहेर यायच्या आत आपण धरणीच्या पोटात गेलेलं बरं.

"हे थांबवा," ती म्हणाली.

कॉम्प्युटरपुढे दुकानाचा तरुण मालक शंभू बसला होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तुमीच व्हय?" तो म्हणाला. "बरं झालं आलात. कपाळावर काळं काय हाय तेच कळंना मला. तीळ म्हणून ठेवू का डाग म्हणून काढू… शेवटी काढला."

"तीळच आहे तो."

"मग गेला आता तो. पण रंग मातुर झकास उजळवलाय. वळखू येणार न्हाई तुमी."

"माझा रंग उजळवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगावं कशाला लागतंय? सगळ्यांचाच उजळवतो. पुढाऱ्यांचा दोनदा."

एरवी ती हसली असती. शंभू बोलायचाच असं, की समोरच्याने रागवावं की हसावं हे ठरवेपर्यंत हसू येऊन गेलेलं असायचं. पण हर्षदाची नजर कॉम्प्युटरवरच्या अक्षरांवर खिळली होती. 'कासुर्डी गावची सुकन्या कु. हर्षदा हिची शिरूर येथे इंग्रजीच्या शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली पुढाऱ्यांची रांग, आणि सगळ्यात खाली तिचे वडील, रोहिदास आप्पा, फेटा बांधून.

"थांबवा म्हणतेय ना."

"अर्ध्यात थांबवलं की शाईची रेघ पडती, मॅडम. नाकावर रेघ चालंल का?"

"मला घेतलेलं नाहीये," हर्षदा म्हणाली. मशीनच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून तिला ते ओरडून सांगावं लागलं. "नोकरी लागलेली नाही. खोटं आहे हे सगळं."

शंभूने हात लांब केला आणि बटण बंद केलं. दुकान एकदम गप्प झालं. मशीनवर हर्षदाचं कपाळ, दोन डोळे आणि अर्धं नाक तेवढं राहिलं. ते डोळे उगाच हसत होते.

मग तिने सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं म्हणतात, ते काही खोटं नाही. आदल्या दिवशी शिरूरच्या एका इंग्रजी शाळेत तिचा नमुना पाठ होता. विषय अगदी एवढासा — 'टू'. आय वॉन्ट टू गो, यातला टू. क्रियापदाच्या पुढे येऊन उभा राहणारा, स्वतःला काही अर्थ नसलेला टू. एम.ए.ला तिने त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. पण पाचवीतली एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "टीचर, वॉन्टला टू लागतो, मग कॅनला का नाही?"

"मग काय सांगितलंत?"

"नियम आहे म्हणाले."

"आन् पोरं?"

"पोरं हसली. नियम आहे म्हणायच्या आधी मी इतका वेळ गप्प उभी होते, की हसणारच." हर्षदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शाळेच्या मोठ्या मॅडम मागच्या बाकावर होत्या. म्हणाल्या, पाठ केलंय, पण उमजलेलं नाही तुम्हाला. एप्रिलच्या शेवटी पुन्हा येऊन बघा."

एवढ्यावर निभावलं असतं. पण आप्पा तिला न्यायला यवतच्या स्टँडवर आले होते, सोबत फुलांच्या टेंपोवरची चारचौघं. तीच माणसं, जी वर्षभर म्हणत होती — पोरीला एम.ए. करून शेवंतीच तोडायला लावायची ना, रोहिदास? ती एसटीतून उतरली तोच आप्पांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय झालं गं?" आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "घेतलं, आप्पा."

घरी गेल्यावर खरं सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण घर येईपर्यंत आप्पांनी फ्लेक्सची ऑर्डर फोनवरून देऊन टाकली होती. काम चौफुल्याच्या शंभूलाच, कारण सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो त्याच्याकडे तयार असायचे.

नेमका तेव्हाच शंभूचा फोन वाजला. पलीकडे आप्पा. त्यांचा आवाज असा, की फोन कानाला लावला काय आणि टेबलावर ठेवला काय, सारखंच.

"शंभू, झाला का रं? दुपारी फाट्याला लावायचाय. आन् पोरीचा फोटू मोठा घे बरं का. पुढाऱ्यांपरीस मोठा."

शंभूने हर्षदाकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण आप्पांच्या आवाजातला तो आनंद… तो मोडायची तिची छाती झाली नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"छापतोय, आप्पा," शंभू म्हणाला.

मशीन पुन्हा सुरू झालं. नाकावर बरोब्बर मधोमध एक काळी रेघ पडली.

कासुर्डीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला आणि हर्षदाचं जिणं मुश्किल झालं. एसटी तिथेच थांबायची. आपल्याच अवाढव्य, गोऱ्यापान, बिनतिळाच्या चेहऱ्याखाली ती स्कार्फने तोंड बांधून उभी राहायची. शेजारची सारजाबाई शेवंती तोडताना म्हणाली, "आता कशाला फुलात हात घालतीस? मास्तरीणबाई तू." आई, सिंधूबाई, तिच्या ताटात आधी वाढू लागली.

साऱ्या दौंड तालुक्यात तिला खोटं बोलावं लागत नव्हतं अशी एकच जागा उरली होती. म्हणून ती दोन दिवसांनी पुन्हा चौफुल्याला गेली. निदान तिने स्वतःला कारण तरी हेच सांगितलं.

"मला सरावाला वर्ग पाहिजे," ती दारात उभी राहून म्हणाली. "तुम्ही विद्यार्थी व्हाल?"

"बारावीला विंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्लेला चालंल का?"

"तसलाच हवा."

"पण मशीन चालू असताना जमायचं न्हाई. लाइट गेली की तास. कबूल?"

कबूल झालं. एप्रिलचं ऊन, चौफुल्याच्या चौकात उसाच्या रसाच्या गाड्यांची घुंगरं, आणि दुपारी कधीतरी लाइट जायची. मशीन थांबायचं, पंखा गरगरत शांत व्हायचा, आणि शंभू दोन स्टूल दारातल्या सावलीत मांडायचा. आधी तो लाइट गेली की वीजमंडळाला शिव्या घालायचा. आठवड्याभरात तो फिरत्या पंख्याकडे आशेने बघायला लागला. हर्षदाच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"आय कॅन टू प्रिंट," शंभू म्हणायचा.

"टू नको."

"आय वॉन्ट प्रिंट."

"इथे टू हवा."

"ह्यो काय दुजाभाव, मॅडम? वॉन्टला देताय, कॅनला न्हाई. कॅननं काय घोडं मारलंय?"

'नियम आहे' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. पण याच शब्दांनी शिरूरला बुडवलं होतं. ती थांबली. बाहेरच्या बाकावर संपत मामा चहा पीत फोनवर बोलत होते. संपत मामा म्हणजे शिरूर-दौंडमधले नामांकित मध्यस्थ. त्यांनी जुळवलेल्या लग्नांचे फ्लेक्स शंभूकडेच छापले जात. मामा फोनवर सांगत होते, "तुमी नका थेट बोलू त्यांच्यासंगं. मी हाय ना मधी. मुलाकडचं मला सांगा, मुलीकडचं मी बघतो."

हर्षदा ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "वॉन्ट आणि गो… दोन वेगळ्या घरची माणसं आहेत. परकी. एकमेकांशी थेट कसं बोलणार? मध्ये संपत मामा लागतात. टू म्हणजे संपत मामा."

शंभूने बाकाकडे पाहिलं. मामा बशीत फुंकर मारत होते.

"आन् कॅन?"

"कॅन, मस्ट, विल ही घरातलीच माणसं. थोरल्या भावाने धाकट्याला हाक मारायला मध्यस्थ लागतो का?"

"आय कॅन प्रिंट," शंभू सावकाश म्हणाला. "आय वॉन्ट… संपत मामा… प्रिंट." मग खो-खो हसला. "अन् मधल्या माणसाला न इचारता पळवून नेणारं कोण न्हाई का ह्यांच्यात?"

"आहेत की. लेट आणि मेक. मेक मी लाफ. यू मेड मी क्राय. तिथे मध्ये कुणी नाही."

"यू मेड मी लाफ," तो म्हणाला. आता मात्र तो हसत नव्हता. "बरोबर हाय का, मॅडम?"

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि उगाच स्टुलावरची धूळ पुसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला फाट्यावरच्या फ्लेक्सचा विसर पडला होता.

पण सुख एका जागी फार वेळ बसत नाही. संपत मामांनी कपबशी ठेवली, डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तूच ना गं ती? फाट्यावरची मास्तरीण?"

त्या संध्याकाळीच मामा कासुर्डीला आले. इनामगावचं स्थळ, मुलगा विश्वजीत, घोड नदीकाठची बागायत. त्यांना मुलगी नोकरीवालीच हवी होती. हनुमान जयंतीला देवळात हर्षदाचा सत्कार व्हायचा होता, तिथेच ते मंडळी घेऊन येणार होते. म्हणजे मुलगी बघणंही होईल आणि चारचौघांत तिचा मानही दिसेल. आप्पांनी मामांना आग्रह करकरून जेवू घातलं. हर्षदा मान वर न करता वाढत होती. आईला वाटलं, पोर लाजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली तरी शंभूने स्टूल मांडली नाहीत. चौफुल्याला बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"चांगलं स्थळ हाय," तो म्हणाला.

"एवढंच?"

"मी आजून काय म्हणणार? ज्या नोकरीच्या जिवावर ती लोकं येत्यात, ती नोकरी मीच छापलीय." त्याने कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत सांगितलं. "सांगून टाक, हर्षदा."

मॅडम नाही, तुम्ही नाही — नुसतं हर्षदा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या हाकेनं ती मोहरून गेली असती.

"मला सांगतोस?" ती म्हणाली. तिलाही 'तू' कधी आलं ते कळलं नाही. "त्या दिवशी फोन तुझ्या हातात होता. तू का नाही सांगितलंस? तुझं काय जातंय? लोकांची तोंडं उजळवायची आणि खाली शुभेच्छुक लिहायचं."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही बोलणार तेवढ्यात लाइट आली, मशीनने खाकरून डोकं हलवलं, आणि कुणा दादांचं वाढदिवसाचं हसू बोटबोट बाहेर येऊ लागलं. हर्षदा निघून गेली.

हनुमान जयंतीला सकाळी जन्माचं कीर्तन झालं, सुंठवडा वाटला, आणि मग सत्कार. स्टेजमागे सत्काराचा वेगळा मोठा फ्लेक्स बांधलेला. तो बांधायला शंभू आला होता आणि खांबाआड उभा होता. पुढे सतरंजीवर सारा गाव. उजव्या हाताला इनामगावची मंडळी, मधोमध इस्त्रीच्या शर्टातला विश्वजीत. संपत मामा दोन्हीकडे बघून मान डोलावत होते.

आप्पांच्याच हस्ते शाल पांघरली गेली. आप्पांच्याच हातून नारळ आला. नारळ देताना त्यांचे डोळे भरले होते. निवेदकाने माइक तिच्या पुढ्यात धरला. "ताई दोन शब्द बोलतील. विंग्रजीतनं बोलल्या तरी चालंल."

लोक हसले. तिने माइक हातात घेतला. आभार मानायचे आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं. पण विश्वजीतची आई शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि कौतुकाने तिच्याकडे बघत होती. हर्षदाच्या मनात आलं, आता हे खोटं आपल्या घरचं राहिलेलं नाही. आता ते दुसऱ्याच्या उंबऱ्यात चाललंय.

"मला नोकरी लागलेली नाही," ती म्हणाली.

भोंग्यातून ते शब्द फाट्यापर्यंत गेले असतील.

"शाळेनं मला परत पाठवलं होतं. मला शिकवता आलं नाही. आप्पांनी स्टँडवर विचारलं आणि… मी खोटं बोलले. यात आप्पांची काही चूक नाही. माझीच आहे."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. सारजाबाईने मोठ्याने विचारलं, "म्हंजी मास्तरीण न्हाईच का ही?" आणि तिला कुणीतरी गप्प केलं. इनामगावची मंडळी उठली. मामा त्यांच्यामागे धावले, एक चप्पल पायात आणि एक हातात.

हर्षदाने शाल काढून घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही आप्पांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं. त्यांच्या फेट्याचा शेमला खांद्यावरून पुढे लोंबत होता, तो मागे टाकायचंही त्यांना सुचलं नाही. शरमेने तिचं अंग पेटलं होतं. पण त्या शरमेखाली कितीतरी दिवसांनी श्वास पुरता आत गेला, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कोयता घेऊन फाट्याकडे निघाले. हर्षदा अंतर ठेवून मागे गेली. फाट्यावरच्या बाकावर नेहमीची माणसं बसली होती. पण फ्लेक्सला आधीच शिडी लागलेली होती आणि शिडीवर शंभू होता. एक दोरी सुटली होती आणि हर्षदाचा भला मोठा चेहरा वाऱ्यावर दुमडून लोंबत होता.

"तुला कुणी सांगितलं रं काढायला?" आप्पांनी खालून विचारलं.

"कुणी न्हाई."

"ह्या नाकावरची रेघ मला पहिल्याच दिवशी दिसली व्हती. म्हटलं मशीनची चूक असंल."

शंभू शिडीवरून खाली उतरला. बाकावरच्या माणसांनी माना लांब केल्या. "मशीनची न्हाई, आप्पा. माझी. पोरीनं येऊन खरं सांगितलं तवा मी थांबवलं होतं. मग तुमचा फोन आला. मला ठाऊक असताना मी 'छापतोय' म्हटलं." त्याने मान खाली घातली. "तुमची पोरगी माइकवर बोलली. मी एवढा गडी, मला फोनवर बोलता आलं न्हाई. म्हणून आता सगळ्यांम्होरं सांगतोय."

आप्पांनी दुसरी दोरी स्वतः कोयत्याने कापली, फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि घरी येऊन ती वैरणीच्या गंजीवर पसरली. चेहरा खाली, पाठ वर. गावात निम्म्या गंजी फ्लेक्सखालीच झाकलेल्या असतात. कुणाच्या गंजीवर वाढदिवस, कुणाच्या गंजीवर निवडणूक. आप्पांची तेवढी पालथी.

घरात बोलणं बंद झालं. हर्षदा वाढेल ते आप्पा जेवायचे आणि रानात जायचे. "रागावलेत गं फार," ती आईला म्हणाली.

"रागावले असते तर बोलले असते," सिंधूबाई म्हणाली. "त्यांना सोताचीच लाज वाटायला लागलीय."

एप्रिलच्या शेवटी ती पुन्हा शिरूरला निघाली. अंगणात आप्पा फुलांच्या क्रेट धूत होते. ती पाया पडली तेव्हा ते क्रेटकडे बघतच म्हणाले, "आज मी ष्ट्यांडवर येत न्हाई." हर्षदा पिशवी उचलून वळली. तोच ते पुढे म्हणाले, "मी चारचौघांत इचारलं, म्हणून तुला तसं बोलावं लागलं. आज घरी ये. मग काय असंल ते सांग."

न्हावऱ्याच्या रस्त्याने एसटी धावत होती आणि हर्षदा खिडकीशी बसून रडत होती. शिरूर येईपर्यंत डोळे पुसून कोरडे झाले.

वर्ग तोच, बाक तेच. मागच्या बाकावर मोठ्या मॅडम. ती चिमुरडीही तिथेच, आणि तिने हात वर करायच्या आधीच हर्षदा तिला म्हणाली, "मागच्या वेळी तू प्रश्न विचारलास आणि मला उत्तर येत नव्हतं. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगते." मग तिने मुलांमधूनच दोघांना उभं केलं, एक वॉन्ट, एक गो, आणि एका गुबगुबीत मुलाला मध्ये उभं करून त्याच्या डोक्यावर रुमालाची टोपी ठेवली. "हे टूमामा. ही दोघं परकी आहेत, म्हणून मामा मध्ये." कॅन आला तेव्हा वर्गानेच मामांना ओरडून बाहेर काढलं. पोरं हसली. ह्या वेळचं हसू तिला गोड लागलं.

परतताना ती चौफुल्याला उतरली. दुकानात लाइट होती आणि मशीन जोरात चालू होतं. बाकावर संपत मामा, आत दोन गिऱ्हाइकं. शंभू तिला बघून उभा राहिला आणि त्याच्या हातून माउस खाली लोंबकळला.

"आधी सांगते," हर्षदा म्हणाली. "नोकरीचं मी आप्पांना सांगणार. तुला नाही."

"मी इचारलंच न्हाई."

"का नाही विचारलंस?"

"घेतलं असलं तरी, न्हाई घेतलं तरी… माझं त्यावर काय अडलेलं न्हाई," शंभू म्हणाला.

तिने मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. दोन्ही गिऱ्हाइकं बघत राहिली. मान वर ठेवायला तिला बळ लावावं लागत होतं, पण तिने ती खाली घातली नाही.

"त्या दिवशी मी तुला नको ते बोलले. आणि घरी येऊन रोज लाइट जायची वाट बघत बसले. आमच्याकडे लाइट जाते, पण तिथे तू नसतोस." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "तुझ्या मनात असेल तर आप्पांना येऊन विचार. दिवसाउजेडी ये. मध्ये कुणी नको."

संपत मामांनी कपबशी बाकावर ठेवली. "म्हंजी मी उठू का?"

"बसा, मामा," शंभू म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "दुकानावर ध्यान ठेवा. मी जाऊन आलो."

दोघं कासुर्डीला पोचली तेव्हा आप्पा गंजीतून वैरण ओढत होते. शंभूने गाडी फाटकाशीच लावली आणि तिथेच थांबला. हर्षदा एकटी पुढे गेली.

"आप्पा, घेतलं. जूनपासनं."

आप्पांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. कागद मागितला नाही, फोन काढला नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं." मग उपरण्याने डोळे पुसायचे ते मान पुसल्यासारखं करून पुसले. तेवढ्यात त्यांची नजर फाटकाकडे गेली.

"आन् तू? फ्लेक्सची आर्डर घ्यायला आलास व्हय?"

"न्हाई." शंभू दोन पावलं आत आला. "मागायला आलोय, आप्पा. तुमची पोरगी. मधला माणूस आणला न्हाई."

आप्पा गंजीकडे वळले आणि फ्लेक्सचा कोपरा उचलून उलटा केला. उन्हात तो चेहरा चमकला, गोरापान, कपाळ स्वच्छ, नाकावर काळी रेघ.

"ही का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," शंभू म्हणाला. त्याने हात करून अंगणात उभ्या असलेल्या हर्षदाकडे दाखवलं. "ती. तीळवाली."

आप्पांनी कोपरा सोडून दिला. "मग ऱ्हाऊ दे ही पालथीच. वैरण भिजत न्हाई." पेंढी उचलता उचलता ते म्हणाले, "ऐतवारी घरच्यांना घेऊन ये. आन् फ्लेक्स लावू नको कुठं."

हर्षदाचा हात आपसूक कपाळावरच्या तिळाकडे गेला. शंभू बघत होता, आप्पा बघत होते, दारात आई येऊन उभी राहिली होती, आणि दुकानातल्यासारखी तोंड फिरवायला तिथे भिंत नव्हती.